माइल्स स्ट्रॉ: नुसत्या पायांसाठी बेंचवरची जागा अडवायची का?

पाचशे लेव्हल | १८ जानेवारी २०२५

जेजप्रेमींनो (म्हणजे टोरांटो ब्लू जेज या बेसबॉल संघाच्या चाहत्यांनो), काल काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. आधी बातमी आली की क्लीव्हलँडकडून माइल्स स्ट्रॉ घेतला, सोबत आंतरराष्ट्रीय बोनस-पूलचे (परदेशी खेळाडूंना करारासाठी देता येणाऱ्या रकमेचे) २० लाख डॉलर. म्हटलं, जपानी पिचर (चेंडू टाकणारा) रोकी सासाकी येतोय बहुतेक, नाहीतर एवढी यातायात कोण करेल? त्याच दिवशी सासाकीने इन्स्टाग्रामवर जाहीर केलं: डॉजर्स. २०२३ च्या डिसेंबरात जपानी स्टार ओहतानी येतोय म्हणून अख्खं टोरांटो फ्लाइट ट्रॅकर उघडून बसलं होतं, आणि विमानातून उतरले उद्योगपती रॉबर्ट हर्जावेक. गेल्या महिन्यात तगडा बॅटर सोटो ७६.५ कोटी डॉलर घेऊन मेट्सकडे गेला. आता हे.

सासाकीचं रडगाणं वेगळ्या धाग्यावर चालू आहे, ते तिथेच राहू द्या. इथे प्रश्न हाती उरलेल्या माणसाचा आहे. स्ट्रॉने २०२२ मध्ये .२२१ ने (दर हजार संधींत २२१ हिट) बॅटिंग केली. अख्ख्या मोसमात होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर) शून्य. २०२३ मध्ये .२३८ आणि होमरन एक. २०२४ चा बहुतेक काळ त्याने ट्रिपल-एला (खालच्या लीगमध्ये) कोलंबसमध्ये काढला. आणि करार मात्र २०२२ मध्ये केलेला, पाच वर्षं, अडीच कोटी डॉलर, म्हणजे २०२६ पर्यंत आपल्या गळ्यात. (क्लीव्हलँड थोडा भार उचलतंय, तेवढाच दिलासा.)

संघात २६ जण. त्यात पिचर जास्तीत जास्त १३, आणि हल्ली सगळेच संघ १३ नेतात. उरले १३. डीएच (फक्त बॅटिंग करणारा) धरून नऊ जण खेळणार, म्हणजे बेंचवर चार. त्यातला एक राखीव कॅचर (पिचरचा चेंडू झेलणारा), त्याला हात लावता येत नाही. एक इनफिल्डर लागतोच. राहिल्या दोन जागा. त्यातली एक न मारणाऱ्याला द्यायची? गेल्या वर्षी ७४ विजय, ८८ पराभव आणि विभागात शेवटचे आलो, ते काय बेस चोरता (फटक्याशिवायच पुढच्या बेसवर पळता) येत नव्हते म्हणून?

आकडेमोड्या | १८ जानेवारी २०२५

धागाकर्त्यांनी एक आकडा सोयीस्करपणे गाळला. .२२१ वाल्या त्याच २०२२ मध्ये स्ट्रॉला सेंटर फिल्डचा (मैदानाच्या मधल्या दूरच्या पट्ट्यातल्या क्षेत्ररक्षणाचा) गोल्ड ग्लव्ह पुरस्कार मिळाला होता. आणि बेस चोरी: २०२१ मध्ये ३०, २०२२ मध्ये २१, २०२३ मध्ये २०. त्या २१ च्या वर्षी सापडला किती वेळा? एकदा.

हे नुसतं मिरवायला नाही. चोरी फसली तर एक आउट जातो आणि बेसवरचा माणूसही जातो, दुहेरी मार. म्हणून ढोबळ हिशेब असा की चारातल्या तीन चोऱ्या जमणार नसतील तर जागचं हलू नये. स्ट्रॉ त्याच्या कितीतरी वर आहे.

शिवाय २०२३ पासून नियमच पळणाऱ्यांच्या बाजूने झालेत. बेस १५ इंचांचे १८ इंची झाले. पिचरवर घड्याळ आलं. आणि पिचरला पाय काढून बेसकडे फेकायची मुभा दोनदाच, तिसऱ्यांदा फेकलं आणि माणूस आउट झाला नाही तर बॉक, म्हणजे पळणाऱ्याला आयता पुढचा बेस. २०२२ मध्ये सगळ्या लीगमध्ये मिळून २,४८६ चोऱ्या झाल्या होत्या, २०२३ मध्ये ३,५०३. शिवाय साध्या मोसमात नऊ इनिंगमध्ये (डावांत) बरोबरी राहिली की दहाव्या इनिंगपासून दुसऱ्या बेसवर आयता माणूस उभा करतात. तिथे जड पायाच्या कॅचरऐवजी स्ट्रॉ उभा असला तर साध्या सिंगलवर (एका बेसच्या फटक्यावर) धाव आहे.

मुख्य मुद्दा तर पुढेच आहे. आपला सेंटर फिल्डर कियरमायर गेला, आता निवृत्तही झाला. त्या जागेवरच्या वार्शोच्या खांद्याची सप्टेंबरात शस्त्रक्रिया झालीय, मोसमाच्या सुरुवातीला तो नसणार. एप्रिलमध्ये सेंटर फिल्डला कोण, तुम्ही?

झणझणीत रस्सा | १८ जानेवारी २०२५

स्ट्रॉ म्हणजे ताटातला पापड. असला तर बरं वाटतं, पण पोट त्याने भरत नाही. आपल्याला भाकरी पाहिजे. सोटो भाकरी होता.

मिसिसॉगाची माई | १९ जानेवारी २०२५

रस्सा, तुझ्या सोटोच्या भाकरीला ७६.५ कोटी पडतात रे बाबा.

मी ब्याण्णवपासून बघतेय, म्हणून सांगते. त्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना, अटलांटात. ब्रेव्ह्जचा ओटिस निक्सन. हा त्याच जातीचा खेळाडू, अख्ख्या कारकिर्दीत ६२० चोऱ्या आणि होमरन फक्त ११. नवव्या इनिंगमध्ये दोन आउट असताना याच न मारणाऱ्याने सिंगल मारून बरोबरी केली आणि आमच्या घरात सुतकी शांतता पसरली. मग अकरावी इनिंग. ४-३ ने आपण पुढे, दोन आउट, बरोबरीची धाव तिसऱ्या बेसवर. तिथे उभा कोण? पिंच रनर (बदली धावणारा) म्हणून आलेला जॉन स्मोल्ट्झ, म्हणजे त्यांचा हुकमी पिचर! त्यांच्या बेंचवर पळणारंही कुणी शिल्लक राहिलं नव्हतं. निक्सनने काय करावं? पायांवर विसंबून बंट (चेंडू बॅटने नुसता हळूच टेकवणं). माइक टिमलिनने चेंडू उचलला, जो कार्टरकडे फेकला, आणि आपण पहिल्यांदा जगज्जेते झालो.

याच निक्सनला पुढे आपणच आणलं. १९९६ मध्ये टोरांटोसाठी त्याने ५४ बेस चोरले. संघ जिंकत नव्हता, पण तो बेसवर गेला की लोक चिप्स खायचे थांबायचे.

मूकवाचक | १९ जानेवारी २०२५

नाशिकहून वाचतोय, बेसबॉल भाच्यामुळे थोडंफार कळतं. एक भाबडी शंका. हा पिंच रनर म्हणजे आपल्या क्रिकेटमधला रनरच ना? मग चांगल्या बॅटरसाठी पळवायचा आणि नंतर बॅटर परत आणायचा. जागा वाया कशी जाते?

पाचशे लेव्हल | १९ जानेवारी २०२५

@मूकवाचक, शंका अजिबात भाबडी नाही, सगळी गोम तिथेच आहे. क्रिकेटमध्ये रनर होता तेव्हा (आयसीसीने आंतरराष्ट्रीय सामन्यांतून २०११ मध्ये काढला) मूळ फलंदाज क्रीजवरच असायचा. इथे ज्याच्यासाठी पळवलं तो त्या सामन्यातून कायमचा बाहेर. त्याची बॅटिंगमधली पाळी पळणाऱ्याच्या नावावर जाते. म्हणजे आठव्या इनिंगमध्ये आपला कॅचर कर्क याच्या जागी स्ट्रॉ पळाला आणि सामना लांबला, तर दहाव्यात मोक्याच्या क्षणी बॅट घेऊन स्ट्रॉच येणार. उसनं घेतलेलं व्याजासकट फेडायचं.

तिसरा बेस कोच | १९ जानेवारी २०२५

पिंच रनरवर बोलताय आणि हर्ब वॉशिंग्टन अजून आला नाही? ओकलंडचे मालक चार्ली फिनली यांनी १९७४ मध्ये चक्क एक धावपटू उचलला. हुद्दा: फक्त धावणारा. दोन मोसमांत १०५ सामने आणि बॅट हातात एकदाही नाही. चोऱ्या ३१, आणि सापडला १७ वेळा. आकडेमोड्याच्या 'चारातल्या तीन' हिशेबात साफ नापास. आणि १९७४ च्या वर्ल्ड सिरीजच्या दुसऱ्या सामन्यात, नवव्या इनिंगला, डॉजर्सच्या माइक मार्शलने त्याला पहिल्या बेसवर गाफील पकडून बाद केलं. माणूस कुणाहीपेक्षा वेगवान होता, पण पिचरचा खांदा कधी हलतो ते वाचायची सवय नव्हती.

उलट उदाहरण डेव्ह रॉबर्ट्सचं. २००४, बॉस्टनचे रेड सॉक्स यँकीजविरुद्धच्या मालिकेत ०-३ ने मागे, चौथा सामना, नववी इनिंग, ३-४. समोर मारियानो रिव्हेरा. मिलारला वॉक (खराब चेंडूंमुळे फुकटचा पहिला बेस) मिळाला, त्याच्या जागी रॉबर्ट्स. फेनवेतल्या पोरासोरांनाही माहीत की हा पळणार. रिव्हेराने पुन्हा पुन्हा पहिल्या बेसकडे फेकून पाहिलं. तरी तो पळाला आणि हातभराने वाचला. बिल म्यूलरचा सिंगल, बरोबरी, आणि पुढचा इतिहास सगळ्यांना पाठ आहे. त्या मालिकेत रॉबर्ट्स बॅटिंगला आलाच नाही. जुलैच्या शेवटच्या दिवशी डॉजर्सकडून घेतलेला राखीव आउटफिल्डर होता तो, तेव्हा बॉस्टनमध्येही कुणी हार घालून स्वागत केलं नसणार.

आता सांगा, या दोघांत फरक वेगाचा होता का?

झणझणीत रस्सा | २० जानेवारी २०२५

कोच, एका रॉबर्ट्सच्या मागे शंभर जण असे असतात ज्यांचं नाव कुणाला आठवत नाही. लॉटरी लागलेल्याचाच फोटो पेपरात येतो.

भुईचक्र | २० जानेवारी २०२५

अवांतर: यँकी स्टेडियमवर २०२२ मध्ये प्रेक्षकांशी भांडायला भिंतीवर चढला होता तो हाच ना? त्याच्याच संघातला क्वान जखमी झाल्यावर लोक त्याला चिडवत होते म्हणून. मला तर आत्ताच आवडला. यँकीजच्या प्रेक्षकांवर चढून जाणारा माणूस आपल्या विभागात हवाच.

आकडेमोड्या | २१ जानेवारी २०२५

धागा गुंडाळायच्या आधी एक. ह्यूस्टनने स्ट्रॉला २०२१ मध्ये क्लीव्हलँडला दिलं तेव्हा बदल्यात फिल मेटन आणि यायनर डियाझ घेतले होते. डियाझ आज त्यांचा मुख्य कॅचर आहे. म्हणजे या माणसाला कधीकाळी चांगला भाव होता. आपण बदल्यात दिलंय काय? नंतर ठरवायचा एक खेळाडू किंवा रोख. बॅटर सांतान्देर ९.२५ कोटींना येतोय, होमरनची चिंता त्याने वाहावी.

पाचशे लेव्हल | २१ जानेवारी २०२५

वाहील वाहील. ऑक्टोबरात बोलू.

---

तिसरा बेस कोच | ५ नोव्हेंबर २०२५

धागा वर काढतोय. झोप नाही, जेवण नाही, निदान इथे तरी बोलू.

९४ विजय. विभाग जिंकला. मरिनर्सविरुद्ध सातव्या सामन्यात आपल्या स्प्रिंगरचा तो होमरन. आणि मग वर्ल्ड सिरीजमध्ये डॉजर्सविरुद्ध सातव्या सामन्यात अकराव्या इनिंगपर्यंत नेऊन हरलो. पण मला सहाव्या सामन्यातली नववी इनिंग झोपू देत नाहीय, आणि तिचा या धाग्याशी थेट संबंध आहे.

आपण १-३ ने मागे. पिचर कोण? रोकी सासाकी. त्याचा चेंडू कर्कला लागला. कर्कच्या जागी पळायला कोण? माइल्स स्ट्रॉ. ज्या सासाकीसाठी पैसे हवेत म्हणून ज्या स्ट्रॉला पदरात घेतलं, तो स्ट्रॉ त्या सासाकीविरुद्ध पहिल्या बेसवर! कुणी कथेत लिहिलं असतं तर मी पुस्तक मिटलं असतं.

आपल्या बार्जरने डावीकडच्या मधल्या पट्ट्यात खणखणीत मारला. चेंडू भिंतीच्या तळाशी जाऊन रुतला. आणि तिथे डॉजर्सच्या सेंटर फिल्डरने चेंडूला हातच लावला नाही. दोन्ही हात वर. चेंडू अडकला असा इशारा. अंपायरनी नियमाप्रमाणे दोन बेस दिले, स्ट्रॉ तिसऱ्यावर थांबला. चेंडू नुसता उपसून काढला असता तर खेळ चालू राहिला असता आणि स्ट्रॉ केव्हाच घरी (होम प्लेटला, म्हणजे धाव पुरी) पोचला होता.

हात वर करणारा तो माणूस जस्टिन डीन. हाही आपल्या या धाग्याचाच विषय: पायांसाठी आणि ग्लव्हसाठी ठेवलेला, बॅटसाठी नव्हे. त्यांच्या बेंचवरचा पापड, रस्सा!

मिसिसॉगाची माई | ५ नोव्हेंबर २०२५

आणि त्यांच्या डगआउटमध्ये मॅनेजर म्हणून उभा डेव्ह रॉबर्ट्स. असा खेळाडू कशासाठी ठेवायचा हे त्याला कुणी शिकवायला नको.

झणझणीत रस्सा | ५ नोव्हेंबर २०२५

माई, मीठ चोळू नका. पण कोच, डीनने हात वर केले यात पळण्याचा काय संबंध? उभा तर राहिला नुसता.

तिसरा बेस कोच | ५ नोव्हेंबर २०२५

तेच तर जानेवारीपासून सांगतोय. पाय विकत मिळतात, ट्रॅकवर ढिगाने मिळतात, फिनलींनी आणले होते. राखीव आउटफिल्डरचं खरं काम म्हणजे तीन तास थंड बसून राहायचं आणि अचानक मैदानात गेल्यावर पहिल्याच चेंडूला अचूक निर्णय घ्यायचा. डीन तसा वागला. आणि आपला बार्जर? तो राखीव नव्हता, नेहमीचा खेळणारा, बॅट जोरदार. दुसऱ्या बेसवर उभा. क्लेमेंट पहिल्याच चेंडूवर उंच उडवून बाद. मग आपल्या हिमेनेजचा तो चेंडू, डॉजर्सचा किके हर्नांडेझ धावत पुढे आला, झेलला आणि तसाच दुसऱ्या बेसकडे फेकला. झेल गेला की बेसवरच्याला मागे परतावं लागतं, आणि बार्जर अर्ध्या वाटेवर. सामना खलास. त्याची धाव बरोबरीची होती, पण सिंगल पडला असता तर तो दोन पावलं मागून निघूनही घरी पोचला असता.

आकडेमोड्या | ६ नोव्हेंबर २०२५

आणि बार्जरच्या त्या चुकीची सावली सातव्या सामन्यावर पडली. नववी इनिंग, ४-४, बेसेस भरलेले, एक आउट. तिसऱ्यावर आपल्या बिशेटच्या जागी पळायला आलेला काइनर-फलेफा. वार्शोचा ग्राउंडर (जमिनीवरून गेलेला फटका), डॉजर्सच्या रोहासने तोल जाता जाता घरी फेकला, कॅचर स्मिथचा पाय प्लेटवरून उचलला गेला आणि परत टेकला, आणि माणूस बोटभर अंतराने बाद. रीप्लेतही तोच निर्णय. काइनर-फलेफाने नंतर सांगितलं की बेसला चिकटून राहा अशीच सूचना होती, लाइनर (सरळ वेगात गेलेला फटका) झेलला गेला तर आदल्या दिवशीसारखं दोघं बाद व्हायला नको म्हणून. एक पाऊल जास्त लीड (बेसपासून पुढे सरकून उभं राहणं) असती तर आज टोरांटोत मिरवणूक असती.

पाचशे लेव्हल | ६ नोव्हेंबर २०२५

बोलावलंत तर आलो. बिशेटचंच घ्या. गुडघा दुखावलेला, पळता येत नव्हतं, तरी त्याच सामन्यात ओहतानीला तीन धावांचा होमरन ठोकला. त्याला नवव्यात बेसवरून काढला. अकराव्या इनिंगला आपण ४-५ ने मागे, आपल्या व्लादी गरेरोने डबल (दोन बेसचा फटका) मारला, आणि पुढच्या पाळीला बॅट घेऊन कोण आलं? बिशेट नाही. काइनर-फलेफा, आणि त्याने बंट करून व्लादीला तिसऱ्यावर सरकवलं. मग बार्जरला वॉक, कर्कचा डबल प्ले (एकाच चेंडूवर दोघं बाद), आणि त्यांचा पिचर यामामोतो आनंदाने हवेत. @मूकवाचक, जानेवारीत लिहिलेलं व्याज ते हेच.

तिसऱ्या सामन्यातही तेच. सातव्यात बिशेटसाठी पिंच रनर आणला आणि सामना चालला अठरा इनिंग. शेवटी शेवटी व्लादीच्या आजूबाजूला मारणारं कोण उरलं होतं? बाकीच्यांना कोण घाबरतंय!

माझं मत जानेवारीत होतं तेच आहे.

मिसिसॉगाची माई | ६ नोव्हेंबर २०२५

पण पाचशे, बिशेटला ठेवला असता तर वार्शोच्या त्या ग्राउंडरवर तो घरापासून पाच पावलं लांब बाद झाला असता. तेव्हा तूच लिहिलं असतंस, लंगडणाऱ्याला का पळवलं म्हणून.

भुईचक्र | ६ नोव्हेंबर २०२५

+१ माई. आणि धाग्याचा नायक बाजूलाच राहिला. वार्शो एप्रिलअखेर परतला, मेअखेर हॅमस्ट्रिंग (मांडीचा स्नायू) दुखावली, थेट ऑगस्टमध्ये उगवला. मधले दोन महिने सेंटर फिल्ड कुणी सांभाळलं? स्ट्रॉने यंदा .२६२ काढले आणि होमरन चार! चार!! आणि ९.२५ कोटींचा सांतान्देर खांदा धरून बहुतेक वर्ष बाहेर. पाचशे, 'ऑक्टोबरात बोलू' कोण म्हणालं होतं?

पाचशे लेव्हल | ६ नोव्हेंबर २०२५

.२६२ काढल्यावर तो माझ्या व्याख्येत बसतच नाही. मी न मारणाऱ्याबद्दल बोलत होतो.

झणझणीत रस्सा | ६ नोव्हेंबर २०२५

😂😂 दंडवत घ्या.

आकडेमोड्या | ७ नोव्हेंबर २०२५

आणि ऐका. डॉजर्सनी जस्टिन डीनला वेव्हरवर (म्हणजे हवा त्या संघाने उचलावा म्हणून) सोडला, जायंट्सनी उचलला. मालिका संपून आठवडाही झाला नाही. या जातीच्या खेळाडूला हीच किंमत. हात वर करून वर्ल्ड सिरीजचा सामना वाचवला काय नि नाही काय.

भुईचक्र | ७ नोव्हेंबर २०२५

आपण का नाही घेतला?

आकडेमोड्या | ७ नोव्हेंबर २०२५

वेव्हरवर क्रम उलटा लागतो, ज्याचा मोसम वाईट त्याला आधी मान. ९४ जिंकलेल्यांपर्यंत चांगलं काही येत नाही. आणि घेऊन काय, स्ट्रॉचा करार २०२६ चाही आहे. दोन-दोन ठेवायचे?

तिसरा बेस कोच | ७ नोव्हेंबर २०२५

का नाही? वार्शोचा खांदा, वार्शोची हॅमस्ट्रिंग, स्प्रिंगर ३६ चा. सप्टेंबरात संघ २८ चा होतो तेव्हा तर हक्काने ठेवावा.

पाचशे लेव्हल | ७ नोव्हेंबर २०२५

दोन?! बिशेट आता फ्री एजंट (करार संपून मोकळा) झालाय, तो गेला तर त्याची बॅट कुठून आणणार ते आधी सांगा. मला बेंचवर एक डावखुरा मारणारा हवा. सहाव्या सामन्यात हिमेनेजच्या जागी पाठवायला माणूस असता तर?

तिसरा बेस कोच | ७ नोव्हेंबर २०२५

हिमेनेज डावखुराच आहे हो. आणि चेंडू त्याने चांगलाच मारला होता. दोष दुसऱ्या बेसवर उभा होता.

पाचशे लेव्हल | ७ नोव्हेंबर २०२५

मग जास्त जोरात मारणारा डावखुरा. बिशेटसाठी नवा धागा काढतोय, तिकडे या.